टाकीचं पाणी फिरतं राहायला हवं : परतीचा पंप निवडताना

 आम्ही सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या बचत गटाच्या बायका.

आम्ही अकराजणी पडवीत काचेच्या टाक्या ठेवून समुद्राच्या पाण्यातले शोभेचे मासे वाढवतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश आमच्याकडे जास्त. २००३ साली त्याच्यावर सिनेमा आला, तेव्हापासून पोरं त्याला 'निमो' म्हणूनच ओळखतात. या माशाची एक गंमत आधी सांगतो. याच्या जोडीत आणि टोळीत मोठी असते ती मादी, आणि सगळा कारभार तिचाच. अंड्यांची राखण नर करतो. मादी मेली तर तोच नर पुढे मादी होतो आणि कारभार हातात घेतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ हसणं चाललं होतं.

तर आजचा विषय. गेल्या काही दिवसांत दोन-तीन गटांतून एकच प्रश्न आला. टाकी ठरली, जागा ठरली, कर्जाचा अर्ज झाला, पण पंप कोणता घ्यायचा? दुकानदार एक सांगतो, मोबाईलवरचा व्हिडिओ दुसरंच सांगतो, आणि घरातले पुरुष म्हणतात, कूलरचा पंप लावा की! म्हणून आज फक्त पंपाबद्दल बोलू. खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे, हिशेब कसा करायचा आणि पैसे मोजण्याआधी काय विचारायचं, एवढंच.

ज्यांच्याकडे समुद्र नाही, टाकी नाही, त्यांनीही रेडिओ बंद करू नका. पाणी खालून वर चढवायचं तिथे हिशेब असाच असतो. घरावरची टाकी असो, ठिबकची मोटर असो की गोठ्यातलं पाणी असो.

आधी हा पंप करतो काय ते बघू. समुद्री माशांची टाकी दोन मजली असते. वर काचेची मुख्य टाकी, त्यात मासे. खाली मांडणीच्या पोटात दुसरी लहान टाकी, तिला सगळे 'संप' म्हणतात. वरची टाकी भरली की जास्तीचं पाणी एका नळीतून आपोआप खाली उतरतं. खाली ते गाळलं जातं, त्यातली घाण निघते. मग स्वच्छ झालेलं पाणी पंप पुन्हा वर पाठवतो. खाली गेलेलं पाणी परत आणतो म्हणून याला परतीचा पंप म्हणायचं, दुकानात 'रिटर्न पंप'.

हे फिरणं इतकं महत्त्वाचं का? मासा खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे. संपमधल्या दगडांवर, जाळ्यांवर डोळ्यांना न दिसणारे जीवाणू राहतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने कमी घातक असतं. या जीवाणूंना लागतो प्राणवायू आणि सतत येणारं पाणी. पंप थांबला की त्यांचा खुराकही थांबतो आणि श्वासही. शिवाय खारं पाणी गोड्या पाण्याच्या मानाने सुमारे पाचव्या हिश्शाने कमी प्राणवायू धरतं, आणि पाणी तापलं की आणखी कमी. मे महिन्यातली रात्र, टाकीत मासे दाटीने आणि पंप बंद, म्हणजे सकाळपर्यंत नुकसान ठरलेलं. गटाचं कर्ज त्या पाण्यात असतं बायांनो, म्हणून पंप नीट बघून घ्यायचा.

आता हिशेब. वही-पेन घ्या. आपली टाकी ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच धरू. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ४५० लिटर पाणी मावेल. आपण काठोकाठ भरत नाही, आत दगड-कुंड्याही असतात. म्हणून ४०० लिटर धरा.

पहिला प्रश्न : तासाला किती पाणी फिरायला हवं? टाकीतल्या पाण्याच्या साधारण तीन ते पाच पट. आपण चार पट घेऊ. ४०० गुणिले ४, म्हणजे तासाला १६०० लिटर. काही जण दहा पट सांगतात. पण परतीच्या पंपाचं काम आहे पाणी गाळणीतून नेऊन परत आणणं. फार जोरात पाणी आलं तर वरून उतरणाऱ्या पाण्याचा खळखळाट होतो, बुडबुडे होतात आणि वीजही जास्त जाते. टाकीच्या आत पाणी हलवायचं असेल तर त्यासाठी वेगळा, कमी विजेवर चालणारा छोटा पंखा मिळतो, त्याला 'वेव्हमेकर' म्हणतात. परदेशात ज्यांच्या घरच्या टाकीत प्रवाळं असतात, ते आतल्या जोरदार लाटांसाठी हाच वापरतात. क्लाउनफिशला एवढ्या लाटा लागत नाहीत, तो शांत पाण्यात खूश असतो. म्हणून दोन कामं एकाच पंपाच्या गळ्यात बांधू नका.

दुसरा प्रश्न : किती उंच चढवायचं? पंपवाले याला 'हेड' म्हणतात. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. नदीवरून भरलेला हंडा सपाटीवरून आणताना आणि घाटी चढून आणताना काय फरक पडतो ते आपल्या मानेला ठाऊक आहे. पंपाचंही तसंच. चढ वाढला की तोच पंप कमी पाणी आणतो. आणि एका ठराविक उंचीला त्याचा दम पूर्ण संपतो. मोटर गुरगुरत राहते, पण वर थेंब येत नाही.

उंची मोजायची ती पंपापासून नाही, तर संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीच्या काठापर्यंत. टेप लावा. आपल्या टाकीची मांडणी ३ फूट, वर टाकी २ फूट, एकूण ५ फूट. संपमध्ये पाणी जमिनीपासून १ फुटावर. म्हणजे खरा चढ ४ फूट.

पण एवढ्यावर भागत नाही. नळीला जेवढी वळणं तेवढा अडथळा. काटकोनात वळवणारा प्रत्येक एल्बो म्हणजे जणू एक फूट जास्तीचा चढ, असा ढोबळ हिशेब धरतात. आपल्याकडे तीन एल्बो आहेत, त्याचे ३ फूट. सरळ नळी आणि व्हॉल्व्ह मिळून १ फूट. एकूण ४ अधिक ३ अधिक १, म्हणजे ८ फूट. मीटरमध्ये साधारण २.४ मीटर. हा आकडा थोडा जास्तीचाच धरला आहे, मुद्दाम. पाणी जास्त आलं तर व्हॉल्व्ह थोडा मिटून घेता येतो. कमी आलं तर मात्र काही करता येत नाही.

आता दुकानात जाऊ. समजा समोर तीन खोकी आहेत. पहिल्यावर लिहिलंय तासाला ३००० लिटर, दुसऱ्यावरही ३०००, तिसऱ्यावर ३५००. आपल्याला हवेत १६००. म्हणजे कुठलाही चालेल असं वाटतं. इथेच फसायला होतं. खोक्यावरचा मोठा आकडा असतो शून्य चढाचा. पंप नुसता पाण्यात ठेवला, नळी नाही, उंची नाही, तेव्हाचा. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो. 'एच मॅक्स' किंवा 'मॅक्स हेड' असं लिहिलेलं असतं. ही ती उंची, जिथे पाणी येणं पूर्ण बंद होतं. हे दोन्ही आकडे एकदम कधीच मिळत नाहीत. ३००० लिटर आणि ४ मीटर असं लिहिलं असलं तरी ४ मीटरवर ३००० लिटर मिळणार नाहीत. तिथे शून्य मिळेल.

मग मधल्या उंचीला किती? चांगल्या कंपनीच्या खोक्यात किंवा कागदावर एक वाकडी रेघ काढलेली असते. एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला लिटर. त्यात आपली २.४ मीटर उंची शोधायची आणि समोर किती लिटर ते वाचायचं. ती रेघ नसेल तर ढोबळ हिशेब असा : आपली उंची पंपाच्या शेवटच्या उंचीचा जेवढा हिस्सा, तेवढा हिस्सा पाणी कमी होतं.

पहिलं खोकं : ३००० लिटर, शेवटची उंची २.५ मीटर. आपली उंची २.४. म्हणजे दम जवळजवळ संपलाच. शंभर-सव्वाशे लिटर आले तर आले. बाद.

दुसरं खोकं : ३००० लिटर, शेवटची उंची ४ मीटर. २.४ म्हणजे ४ चे साठ टक्के. साठ टक्के पाणी गेलं, चाळीस टक्के उरलं. १२०० लिटर. आपल्याला कमी पडतं.

तिसरं खोकं : ३५०० लिटर, शेवटची उंची ४.५ मीटर. २.४ म्हणजे त्याचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा. उरतं साधारण १६०० लिटर. हा आपला पंप.

बघा, पहिल्या दोन खोक्यांवर ३००० हाच आकडा होता. एकात पाणी वर येतच नाही, दुसऱ्यात बऱ्यापैकी येतं. फरक होता तो बारीक अक्षरातल्या आकड्यात. म्हणून दुकानदाराला नुसतं 'किती लिटरचा' असं विचारू नका. 'आठ फुटांवर किती लिटर देतो' असं विचारा. आठ फूट आमच्या टाकीचे. तुमची टाकी तुम्ही मोजा.

आणि पंप घरी आणल्यावर त्याची परीक्षा घ्या. वीस लिटरची बादली घ्या, वरच्या टाकीत पाणी सोडणारं तोंड बादलीत धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. ४५ सेकंदांत बादली भरली तर तासाला १६०० लिटर. एक मिनिट लागलं तर १२००. दीड मिनिट लागलं तर ८००. पहिल्या दिवशीचा हा आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. बादली भरायला जास्त वेळ लागायला लागला की समजायचं, पंप घाणीने भरला. यासाठी कुठलं यंत्र लागत नाही.

नळीबद्दल थोडं. पंपाचं तोंड जेवढं, निदान तेवढी तरी नळी हवी, शक्य तर एक माप मोठी. पंपाचं तोंड एक इंची आणि घरात अर्ध्या इंची नळीचा तुकडा पडलाय म्हणून तोच जोडला, तर तेवढंच पाणी न्यायला अडथळा दुप्पट-चौपट नाही, तीसेक पटीने वाढतो. चांगला पंप घेऊन त्याचा गळा आवळल्यासारखं होतं. व्हॉल्व्ह लावायचा तो पंपाच्या पुढे, पाणी बाहेर पडण्याच्या बाजूला. पाणी ओढून घेण्याच्या बाजूला कधीही लावायचा नाही, त्याने पंप उपाशी पडतो आणि खराब होतो. पंपाजवळ एक 'युनियन' बसवून घ्या, म्हणजे धुवायच्या वेळी नळी कापावी लागत नाही.

आता वीजबिल. पंपाची किंमत एकदाच द्यायची असते, विजेची दर महिन्याला. आणि हा पंप दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे बारा महिने चालतो. घरात इतका वेळ चालणारं दुसरं काय असतं? फार तर फ्रिज, आणि तोही मधूनमधून थांबतो.

समजा एकसारखंच पाणी देणारे दोन पंप आहेत. एक ४० वॅटचा, एक ८५ वॅटचा. ४० वॅटचा महिन्याला साधारण २९ युनिट खातो, ८५ वॅटचा ६१ युनिट. फरक महिन्याला ३२ युनिटचा, वर्षाला सुमारे ३९४ युनिटचा. हिशेबाला सोपं म्हणून युनिटला १० रुपये धरा, वर्षाचे जवळजवळ ४००० रुपये झाले. तुमच्या बिलावरचा दर बघून हाच गुणाकार करा. म्हणजे ८५ वॅटचा पंप ३००० रुपयांनी स्वस्त मिळाला तरी नऊ-दहा महिन्यांत ते पैसे बिलातून गेले, आणि त्यापुढे दर महिन्याला जातच राहणार. चार टाक्या असतील तर चौपट.

दुसरी गोष्ट, पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो ती शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. हिवाळ्यात चालून जातं. एप्रिल-मे महिन्यात आपण बर्फाच्या बाटल्या आणि पंखे लावून पाणी गार करायचं आणि खालून पंपाने तापवायचं, हा उद्योग परवडत नाही. म्हणून वॅटचा आकडा लिटरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा.

बाजारात दोन जातीचे पंप आहेत. एक सरळ घरच्या विजेवर चालणारा, एसी पंप. दुसरा डीसी पंप. त्याच्यासोबत एक डबी येते, ती वीज बदलून बहुतेक २४ व्होल्टची करून देते. डबीवरच्या बटणाने वेग कमी-जास्त करता येतो. डीसी पंप वीज कमी खातो, आवाज कमी करतो, खायला घालताना दहा मिनिटं पाणी थांबवायचं बटणही बऱ्याच पंपांना असतं. पण किंमत जास्त, आणि डबी बिघडली तर पंप चांगला असूनही काम थांबतं. एसी पंप साधा असतो. बिघडण्यासारखं त्यात कमी. गावात सुटा भाग मिळायचा, दुरुस्ती करणारा शोधायचा तर एसी बरा पडतो. शहर जवळ असेल, डबी बदलून मिळत असेल आणि सोलरवर चालवायचा विचार असेल तर डीसीचा हिशेब जमतो. आमच्या गटाने ठरवलं ते असं : ज्याचा सुटा भाग दोन दिवसांत हातात येईल तो पंप आपला. तुम्ही तुमच्या बाजारपेठेचं अंतर बघून ठरवा.

आता कूलरच्या पंपाचं. तो स्वस्त मिळतो हे खरं. पण खारं पाणी त्याच्यासाठी नाही. त्यातला लोखंडी भाग गंजतो, आणि गंजलेला भाग पाण्यात उतरतो. समुद्री टाकीचा पंप घेताना विचारायचं : आतला दांडा चिनीमातीचा, म्हणजे सिरॅमिकचा आहे का? पाण्याला लागणारं पितळ किंवा तांबं कुठे नाही ना? तांबं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना फार थोडंसुद्धा घातक ठरतं. आणि ज्या पाणबुडी मोटरच्या पोटात तेल असतं, ती माशांच्या पाण्यात कधी टाकायची नाही. सील फुटलं की तेल थेट टाकीत. खोक्यावर 'खाऱ्या पाण्यासाठी' असं लिहिलेलं नसेल तर पंप परत ठेवा.

लाईट गेली की काय होतं ते बघू, कारण आपल्याकडे ती जातेच. पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस येत नाही.

पहिली गोष्ट, पंप थांबला की वरच्या टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली यायला लागतं. नळीचं तोंड पाण्याच्या वर उघडं पडेपर्यंत ते येतच राहतं. आपल्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण साडेसात लिटर. नळीचं तोंड ५ सेंटिमीटर बुडलेलं असेल तर ३७ लिटर पाणी खाली येणार. संपमध्ये तेवढी जागा मोकळी नसेल तर खारं पाणी पडवीभर. उपाय सोपा आहे. नळीचं तोंड पाण्याच्या अगदी वरच्या थरात ठेवा आणि पातळीच्या किंचित खाली नळीला एक बारीक भोक पाडा. पाणी थोडं उतरलं की भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. भोक आठवड्याला काडीने साफ करा. काही जण उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावतात, पण त्यात शेवाळाचा कण किंवा मिठाचा खडा अडकला की तो नीट मिटत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. नवी टाकी बसवली की दिवसाउजेडी, सगळ्या जमलेल्या असताना, मुद्दाम बटण बंद करून बघा. पाणी कुठपर्यंत चढतं तिथे संपच्या काचेवर खूण करा. त्या खुणेवर दोन बोटं जागा उरली पाहिजे.

याच्या उलटंही होऊ शकतं. पंप चालू आहे आणि पाणी खाली उतरणारी नळी शेवाळाने किंवा गोगलगाईने बुजली. मग पंप संपच्या शेवटच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर ढकलतो. म्हणून तो कप्पा एवढाच ठेवा की त्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी टाकी ओसंडणार नाही. आणि खाली उतरणारी नळी एक नको, दोन हव्यात.

दुसरी गोष्ट श्वासाची. आधीच हिशेब करून ठेवा. १५० ॲम्पिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी असेल तर कागदावर १८०० वॅट-तास होतात. बॅटरी टिकावी म्हणून निम्मी धरा, ९०० उरतात. त्यात इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो. तरी ४० वॅटचा पंप पंधरा तासांच्या आसपास चालतो. ८५ वॅटचा नऊ तासांतच थांबतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा बघा, साध्या इन्व्हर्टरवर पंप गुरगुरतो आणि तापतो. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप प्रत्येक टाकीमागे एक घरात असलाच पाहिजे. लाईट गेल्यावर माशांना खायला घालू नका. खाल्लं की घाण वाढते आणि प्राणवायूही जास्त लागतो.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. खारं पाणी आणि वीज. हा जिवाचा प्रश्न आहे. घरात लेकरं असतात, ओल्या हाताने सगळीकडे शिवतात. म्हणून चार नियम. एक, टाकीच्या लाइनवर तीस मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय पंप चालू करायचा नाही. वीज गळायला लागली की तो क्षणात लाइन तोडतो. दोन, अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यायचं. तीन भोकांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही. तीन, सॉकेट पाण्यापेक्षा उंचावर आणि बाजूला, आणि वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची. म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली ठिबकतं, सॉकेटात जात नाही. चार, टाकीत हात घालण्याआधी बटण बंद आणि पिन बाहेर. घाई असली तरी हे करायचंच.

देखभाल फार नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पंप काढायचा, पुढचं झाकण उघडून आतला फिरणारा पंखा बाहेर काढायचा. त्यावर चुन्याचा पांढरा थर बसतो. एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी यात तासभर बुडवा, जुन्या दातघाशाने घासा, साध्या पाण्याने धुऊन परत बसवा. साबण लावायचा नाही. संपमधलं पाणी वाफ होऊन रोज कमी होतं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी, खारं नाही. पातळी खुणेच्या खाली गेली तर पंप हवा ओढतो, खडखडतो आणि जळतो. रोज सकाळी चहा ठेवला की एकीने खूण बघायची, असं वेळापत्रक करा.

आणि एक पंप जास्तीचा ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, आणि पंप बंद पडतो तो बहुतेक रात्री किंवा सणाच्या दिवशी, दुकान बंद असताना. पैसे कमी असतील तर एका मोठ्याऐवजी दोन लहान पंप लावा. दोन्ही मिळून १६०० लिटर. एक थांबला तरी दुसऱ्यावर मासे तग धरतात. चारही टाक्यांना एकाच मॉडेलचे पंप घेतले तर एक शिलकी पंप सगळ्यांना चालतो, आतला पंखाही एकमेकांना लागतो.

आता कोटेशनबद्दल. कर्जासाठी तीन कोटेशन मागतात. प्रत्येकावर हे लिहून घ्या : आठ फुटांवर, म्हणजे तुमच्या मोजलेल्या उंचीवर, किती लिटर. किती वॅट. खाऱ्या पाण्यासाठी आहे का. हमी किती महिन्यांची आणि ती कोण देणार, दुकान की कंपनी. आतला पंखा वेगळा मिळतो का आणि केवढ्याला. मग तिन्ही कोटेशनच्या किमतीत एका वर्षाचं वीजबिल मिळवा आणि ती बेरीज शेजारी-शेजारी लिहा. बैठकीत ठराव करताना नुसती किंमत नाही, ही बेरीज वाचून दाखवा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या मैत्रिणींनाही रुपयांची बेरीज लगेच कळते, आणि नंतर कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही.

जाता जाता एक कायद्याची गोष्ट. मोबाईलवर परदेशातल्या घरच्या टाक्या दिसतात, त्यात रंगीबेरंगी प्रवाळं डुलत असतात. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला. जिवंत असो की मेलेलं, खडकावरून तोडणं, घरी आणणं, विकणं गुन्हा आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथल्या प्रवाळांवर आपल्या मच्छीमारांची मासळी वाढते. गिऱ्हाईक कितीही पैसे देऊ दे, प्रवाळाचा तुकडा टाकीत येता कामा नये. क्लाउनफिशला त्याची गरजही नाही. मातीची कुंडी आडवी ठेवा, कौलाचा तुकडा ठेवा, तो त्यावर खुशाल अंडी घालतो. मासेही समुद्रातून पकडलेले नकोत, हॅचरीत जन्मलेले घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम इथल्या केंद्रांनी क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायका शोभेची कोळंबी वाढवायला शिकल्या आहेत. हे आपल्यासारख्या बायकांना जमणारं काम आहे.

मैत्रिणींनो, पुन्हा एकदा थोडक्यात. पाणी किती ते मोजा आणि त्याची चार पट धरा. उंची मोजा, वळणं मोजा. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. वॅट बघा, वर्षाचं बिल काढा. खाऱ्या पाण्याचा पंप घ्या. लाईट गेल्यावर काय होतं ते आधीच करून बघा. आरसीसीबी लावा. एक पंप जास्तीचा ठेवा.

टाकी घेतलेली नसेल तरी आज संध्याकाळी एवढं करून बघा : घरातल्या पाण्याच्या मोटरवरची पट्टी वाचा, तिच्यावर हेड किती लिहिलंय ते बघा आणि बादली लावून सेकंद मोजा. आकडे पुढच्या बैठकीला घेऊन या. एकमेकींचे ताडून बघता येतील, आणि कुणाची मोटर उगाच जास्त वीज खाते तेही कळेल.

तुमचे प्रश्न केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी समुद्राचं पाणी आणल्यावर ते गाळून, तपासून टाकीत कसं घालायचं त्याबद्दल बोलू. तोवर तब्येती सांभाळा. नमस्कार.